गळ, मासा आणि नाव

१८७३ मध्ये मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यातून एक इंग्रजी पुस्तक बाहेर पडलं. नाव 'द रॉड इन इंडिया'. लेखक हेन्री सलिव्हन थॉमस, मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी, दक्षिण कानडा जिल्ह्यात कलेक्टर राहिलेला. विषय होता गळाने मासे धरण्याचा: हिंदुस्थानच्या नद्यांत कोणते मासे आहेत, ते कुठे बसतात, काय खातात, कशाला भुलतात. याच मिशनने पुढे १८९४ मध्ये फर्डिनांड किटेलचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्या कोशाबद्दल आपण वाङ्मयाचे लोक आदराने बोलतो, गळाच्या पुस्तकाबद्दल बोलत नाही. पण तेही एका अर्थी कोशाचंच काम होतं. परक्या मुलखात येऊन पडलेल्या माणसांना तिथल्या पाण्याची भाषा समजावून सांगायचं काम.

वसाहतकाळातल्या लेखनाच्या एका संकलनासाठी यातली काही पानं मराठीत आणायला मी घेतली, तेव्हा पहिल्याच परिच्छेदात अडले. अडले ती माशांच्या नावांपाशी नव्हे, 'स्पोर्ट' या शब्दापाशी. शिकार म्हणावं तर शिकारीत प्राणी मारायचा असतो. मृगया म्हणावं तर दुष्यंत आठवतो. खेळ म्हणावं तर माशाच्या बाजूने तो खेळ नसतो. मराठीत गळ आहे, गरी आहे, जाळं आहे, पागणं आहे. 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार तर मासा न खाणाऱ्याच्याही तोंडी असतो. पण धरलेला मासा मोजायचा, त्याचं वजन वहीत लिहायचं आणि तेवढ्यावर समाधान मानायचं, या कृतीला आपल्याकडे घरगुती शब्द नाही. माझ्या आत्याचं सासर महाड तालुक्यातलं. तिला मी हे सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, खायचा नाही तर धरायचा कशाला?" दीडशे वर्षांच्या एका छंदावर इतका नेमका प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

उत्तराचा एक भाग स्कॉटलंडमध्ये आहे. ब्रिटनमध्ये साल्मनची नदी ही कुणाच्या तरी मालकीची असते. काठ ज्याचा, त्याच्या परवानगीने गळ टाकायचा आणि त्याचं भाडं भरायचं. एकोणिसाव्या शतकात हा छंद बड्या जमीनदारांचा आणि त्यांच्या पाहुण्यांचा होता. हिंदुस्थानात आलेला तरुण लेफ्टनंट, इंजिनीअर किंवा जंगलखात्याचा अधिकारी हा बहुधा त्या वर्गातला नसे. इथे मात्र पूंछ, झेलम, गंगा, कावेरी, काळी या नद्यांच्या काठी तो साहेब होता. त्याला कुणी भाडं विचारत नव्हतं. मायदेशी ज्या पाण्याकडे त्याने कुंपणाबाहेरून पाहिलं असतं, त्याहून मोठं पाणी त्याला इथे फुकट मिळालं. ज्या राज्याने ते त्याच्यासाठी मोकळं केलं, त्याच राज्यात काठावरच्या माणसाला स्वतःच्या जंगलात शिरायला पास लागू लागला होता. छंदाची ही बाजू छंदिष्टांच्या पुस्तकांत येत नाही.

दुसरा भाग एकटेपणाचा आहे. रजेचे दिवस, पावसानंतर निवळलेली नदी, तंबू, आणि हातात घरून आलेली काठी. ही काठी तरी घरची होती का? एकोणिसाव्या शतकात बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून गळाच्या काठ्या बनू लागल्या. सुरुवातीला त्यासाठी जो बांबू वापरत, त्याला व्यापारात 'कलकत्ता केन' म्हणत. म्हणजे बंगालच्या बंदरातून बांबू विलायतेला जायचा, तिथे त्याची काठी व्हायची आणि ती साहेबाच्या सामानातून परत इकडच्या नदीवर यायची. चीनमधला टोंकिन बांबू आला आणि हा व्यवहार मागे पडला.

या माणसांपुढे पाण्यात जे होतं, ते त्यांनी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. अनोळखी गोष्ट दिसली की माणूस ओळखीच्या शब्दाचा आधार घेतो. अनुवादक रोज हेच करतो, म्हणून मला ती नावांची यादी वाचताना हसूही आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. महासीरला त्यांनी 'हिंदुस्थानचा साल्मन' म्हटलं. उत्तरेकडच्या ओढ्यांतल्या बोला नावाच्या चपळ, ठिपकेदार माशाला 'हिंदुस्थानचा ट्राउट' केलं. काश्मीर आणि हिमालयातल्या थंड पाण्यातले असला जातीचे मासे 'स्नो ट्राउट' झाले. आपल्याकडचा शिवडा, म्हणजे मोठ्या तोंडाचा बिनखवल्यांचा मासा, 'गोड्या पाण्यातला शार्क' ठरला. यातला साल्मन हा साल्मन नाही, ट्राउट हे ट्राउट नाहीत आणि शार्क तर कुठल्याच नात्याने शार्क नाही. महासीर, बोला आणि असला हे तिन्ही आपल्या रोहू-कटल्याच्या भाऊबंदांपैकी, म्हणजे कार्प कुळातले.

थॉमसचं मोठेपण असं की तो या उपमेवर थांबला नाही. साल्मनच्या तुलनेनेच तो सुरुवात करतो, आणि वजनास वजन धरलं तर महासीर साल्मनहून जास्त झुंजतो असा निर्वाळा देतो. पण मग तो माशाचं तोंड उघडून बघतो. महासीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि कवच, शिंपले, कठीण फळं तो तिथे भरडतो. त्याचे ओठ मांसल, चामड्यासारखे चिवट असतात. म्हणून साल्मनचा नाजूक गळ इथे चालत नाही. महासीर तो चुरडून टाकतो. साल्मन पाण्याबाहेर उड्या मारतो, महासीर खाली मुसंडी मारतो. गळ लागल्यावरची त्याची पहिली धाव अशी असते की शंभर-दीडशे यार्ड दोरी बघता बघता जाते. ही माहिती उपमेतून येत नाही, बघण्यातून येते. चांगला अनुवादक आणि वाईट अनुवादक यांच्यातला फरकही इथेच असतो. सुरुवात दोघेही जवळच्या शब्दाने करतात. चांगला त्या शब्दाचं कुठे जमत नाही, ते टिपून ठेवतो.

थॉमसने आणखी एक केलं. दक्षिण कानड्यातल्या नद्यांत विष कालवून आणि बारीक विणीच्या सापळ्यांनी माशांची पिलं कशी संपवली जातात, यावर त्याने सरकारला लिहिलं. त्याच सुमारास फ्रान्सिस डे हा लष्करी डॉक्टर देशभरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यव्यवसायाची पाहणी करत होता. या सगळ्यातून पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला आणि विष व सुरुंग यांनी मासे मारणं गुन्हा ठरलं. कायदा गरजेचा होता. त्याबरोबरच एक गृहीतही रुजलं, की मासा वाचवणारा तो काठीवाला आणि मासा संपवणारा तो जाळीवाला. पोटासाठी मासा धरणाऱ्याची बाजू मांडायला त्या कागदांत कुणी नव्हतं.

आता नावांकडे वळू. इथे एक वेगळी परंपराही समांतर चालली होती, आणि तिने उपमेचा मार्ग नाकारला. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन (आधीचा बुकॅनन) याचं गंगेच्या माशांवरचं पुस्तक एडिंबरोहून निघालं. बंगाल-बिहारच्या नद्यांवर हिंडताना कोळ्यांकडून ऐकलेली नावं त्याने तशीच लॅटिनच्या रांगेत बसवली: रोहिता, कटला, मृगला, टोर, पुटिटोरा. १८३४ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे याने यातला 'टोर' हा शब्द उचलून महासीरांच्या प्रजातीलाच ते नाव दिलं. जगात कुठेही महासीरचं शास्त्रीय नाव घ्यायचं झालं तर उत्तर बंगालच्या काठावरचा तो शब्द आधी उच्चारावा लागतो.

मराठी वाचकाला यापुढचा माणूस जास्त जवळचा वाटावा. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. १८२४ ते १८३१ या काळात तो दख्खन पालथं घालत होता: पिकं, पर्जन्य, जाती, जमीनमहसूल, पक्षी आणि मासे. त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या माशांवरचा जो निबंध ठेवला, तो उघडला की लॅटिनच्या आडून भीमाखोऱ्याची बोली ऐकू येते. फुलुंगी, सांडखोल, बाळूकी, अळकुटी, गुंगवारी, कोलूस. यांतली बहुतेक नावं आजही शास्त्रात चालू आहेत. १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्याच्या माशाला त्याने 'खुद्री' हे नाव दिलं. आज तो टोर खुद्री, निळसर परांचा महासीर. आपल्याकडे त्यालाच खडशी किंवा खडस म्हणतात. साइक्सने स्थानिक शब्द घेतला याचा अर्थ तो फार उदार होता असा मी काढणार नाही. तो मोजदाद करायला आलेला माणूस होता, आणि मोजदादीला नाव लागतं. पण त्याने विचारलं आणि जे उत्तर मिळालं ते लिहून घेतलं. त्यामुळे मुठेकाठच्या कुणा कोळ्याचा एक शब्द टिकला. शब्द देणाऱ्याचं नाव मात्र निबंधात नाही.

'महासीर' या शब्दाचीही गंमत आहे. हॉब्सन-जॉब्सनच्या काळापासून त्याच्या व्युत्पत्त्या सांगितल्या जाताहेत. मोठ्या डोक्याचा म्हणून महाशिर, मोठ्या खवल्यांचा म्हणून महाशल्क, तर कुणाच्या मते फारसी 'माही' म्हणजे मासा आणि 'शेर' म्हणजे वाघ. शिवाय तमिळमध्ये बोम्मीन, तुळूत पेरुवल, असमियात पिठिया. शास्त्राने ज्यांना आता वेगवेगळ्या जाती ठरवलं, त्या सगळ्यांवर इंग्रजीने एकच 'महसीर' पांघरूण घातलं. पुढे त्याची किंमत मोजावी लागली. ते लवकरच येईल.

तत्पूर्वी एक खुलासा. गळाने मासा धरण्याची करमणूक साहेबाने इथे आणली, असा समज असेल तर तो चूक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, ही नोंद याच ग्रंथातली म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो आपल्याला भेटतो. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांपैकी एक मत्स्यविनोद आहे: काठी कशी असावी, दोरी कशाची, गळ केवढा, कुठल्या माशाला कोणतं आमिष. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये तो विभाग इंग्रजीतून अभ्यासकांपुढे ठेवला. म्हणजे थॉमसच्या साडेसातशे वर्षं आधी दख्खनमध्ये कुणीतरी त्याच विषयावर तितक्याच बारकाईने लिहून ठेवलं होतं. फक्त हा राजाचा छंद होता आणि नदी राजाचीच होती. त्या बाबतीत फारसं अंतर पडलं नाही.

आणि आत्याच्या प्रश्नालाही आपल्याकडे एक जुनं उत्तर आहे: धरायचाच नाही. महाडजवळ काळ नदीत वाळणकोंड आहे. वरदायिनीच्या देवळापाशी खोल डोह, आणि त्यात हे मोठे खडशी. लोक चुरमुरे टाकतात, मासे काठाला येतात, कुणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेत असेच मासे आहेत, शृंगेरीला तुंगेत आहेत, हरिद्वारला गंगेत आहेत. देवाच्या नावाने राखलेले हे डोह म्हणजे कायद्याच्या आधीचे कायदे. लहानपणी मी वाळणकोंडच्या काठावर उभी राहिले आहे. तो मासा आणि इंग्रजी पुस्तकातला 'महसीर' हे एकच, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

परदेशात राहणाऱ्याने अनोळखी पाण्याशी वागायची तिसरी रीत म्हणजे ते पाणीच ओळखीचं करून टाकणं. इथला 'ट्राउट' खोटा वाटतो ना, मग खरा आणू. १८६० च्या दशकात फ्रान्सिस डेने निलगिरीत ट्राउट आणायचे प्रयत्न केले, ते फसले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एच. सी. विल्सनच्या प्रयत्नांनी तिथे इंद्रधनुषी ट्राउट रुजला. काश्मीरमध्ये एफ. जे. मिचेल याने स्कॉटलंडहून अंडी मागवली. पहिली खेप वाटेत मेली, १९०० ची दुसरी जगली. तिथून १९०९ मध्ये हॉवेल या अधिकाऱ्याने कुलूच्या नद्यांत ट्राउट नेला. आज कुलू-मनालीला जाणारा मराठी पर्यटक तळलेला ट्राउट 'इथली खासियत' म्हणून खातो. एकशेवीस वर्षांत पाहुणा घरचा झाला. त्या थंड पाण्यात आधीपासून राहणारा असला मात्र अजून 'स्नो ट्राउट' या उसन्या नावाने ओळखला जातो.

आता कावेरीकडे येते. खरी गोष्ट तिथे आहे.

म्हैसूरमध्ये व्हान इंगेन हे वाघ-बिबट्यांच्या कातड्यांत पेंढा भरणारं प्रसिद्ध घराणं होतं. त्यातल्या द वेट व्हान इंगेन याने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महासीर गळाने काढला. काठीने धरलेल्या महासीरचा हा विक्रम अजून मोडलेला नाही. पुढच्याच वर्षी राज्य बदललं, साहेब गेले. जिम कॉर्बेटही गेला. नैनितालला जन्मलेल्या, १९४४ च्या आपल्या पुस्तकात नरभक्षक वाघांबरोबर एका महासीरवरही मन लावून लिहिणाऱ्या या माणसाने उरलेलं आयुष्य केनियात काढलं. त्याच्यापुरता परदेश कुठला आणि मायदेश कुठला, हे सांगणं सोपं नाही. उत्तरेत, पूंछ आणि झेलम जिथे मिळत ते तांगरोट हे महासीरवाल्यांचं सर्वांत लाडकं ठिकाण; किपलिंगने एका कथेत पूंछच्या महासीरपुढे टार्पनला किरकोळ ठरवलं आहे. १९६७ मध्ये पुऱ्या झालेल्या मंगला धरणाच्या पाण्याखाली तांगरोट गेलं.

कावेरीचा मोठा महासीर संपला, असंच मग धरून चालले होते. १९७७ मध्ये तीन इंग्रज तरुण विलायतेहून गाडीने निघाले आणि शोधत शोधत शिवनसमुद्रच्या खालच्या पाण्याला लागले. मासा होता. त्यांच्या मागोमाग जगभरचे छंदिष्ट आले. भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे इथे नदीकाठी तळ उभे राहिले. काठ्या कार्बनच्या, चरख्या अमेरिकन किंवा स्वीडिश, आमिष मात्र नाचणीचं. काठच्या गावातली माणसं नाचणीचं पीठ शिजवून, मळून लिंबाएवढे घट्ट गोळे करत, आणि जगातला सर्वांत प्रसिद्ध गोड्या पाण्यातला मासा त्या मुद्द्याला भुलत असे. ही माणसं पाणी वाचणारी होती. कुठल्या खडकामागे मासा बसतो, दोरी कुठे अडकणार, पाहुण्याला कधी ओढू द्यायचं आणि कधी थांबवायचं, हे सगळं त्यांना ठाऊक. त्यांच्यातले काहीजण पूर्वी सुरुंगाने मासे मारणारे होते. आता जिवंत माशावर त्यांचं घर चालू लागलं. इथे नियम होता की मासा तोलायचा, नोंदवायचा आणि सोडायचा. आत्याच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे मिळतं, आणि ते अगदीच पोकळ नाही: धरून सोडलेल्या माशाने काठच्या घरांत चूल पेटत होती, आणि त्या चुलीमुळे नदीवर पहारा होता.

याच काळात दुसरीकडे एक भलं काम चाललं होतं. लोणावळ्याजवळच्या वळवणला, टाटांच्या वीजकंपनीच्या तळ्यांवर, १९७० च्या दशकापासून महासीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. ज्या जलविद्युत योजनांपैकी एकीविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, त्याच मालिकेतल्या या तळ्यांत आता नष्ट होत चाललेला मासा वाढू लागला. अंडी काढून, फळवून, बोटभर पिलं करून ती देशभर पाठवली गेली. हा मासा कोणता? साइक्सचा खुद्री. मुळा-मुठेचा, कृष्णा-भीमेच्या वरच्या खोऱ्यातला, मराठी नावाचा. ही पिलं कावेरीतही सोडली गेली. महासीर कमी झालाय, महासीर सोडतोय, यात चूक काय? सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच होता.

चूक त्या एका शब्दातच होती. कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा होता. त्याचे पर नारिंगी, आणि डोक्यामागे बैलासारखं वशिंड. १२० पौंडांचा विक्रम त्याच्या जातीचा. थॉमसच्या काळापासून त्याच्यासाठी लोक समुद्र ओलांडून आले, त्याचे फोटो जगभर भिंतींवर लागले, आणि शास्त्रात त्याला धड नाव नव्हतं. मध्यंतरी काही ग्रंथांत त्याला साइक्सचंच दुसरं एक नाव, 'मुसुल्ला', चिकटवलं गेलं. ते नाव मुळात शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या भलत्याच माशाचं होतं.

कळलं ते गळवाल्यांच्या वह्यांमुळे. गालिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ पर्यंत प्रत्येक धरलेल्या माशाची नोंद होती. या नोंदी तपासून ब्रिटिश आणि भारतीय अभ्यासकांनी २०१५ मध्ये जे मांडलं, ते थोडक्यात असं. गळाला लागणाऱ्या महासीरांची संख्या वाढत होती, म्हणून सगळे खूश होते. पण वाढत होता तो निळ्या परांचा खुद्री. वशिंडाचा महासीर घटत होता, आणि जो सापडे तो मोठाच सापडे. म्हणजे म्हातारे उरले होते, पोरं नव्हती. दिसायला नदी भरत होती आणि आतून एक जात रिकामी होत होती. पुढे २०१८ मध्ये मोयार नदीतले नमुने घेऊन हाही उलगडा झाला की केरळच्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून २०११ मध्ये वर्णन झालेली टोर रेमादेवी ही जात म्हणजेच हा वशिंडाचा महासीर. पांबारचं पाणी अमरावतीतून शेवटी कावेरीलाच मिळतं. प्राणिसर्वेक्षण संस्थेतल्या के. रेमादेवी या संशोधक बाईंच्या नावावरून ते नाव दिलेलं आहे. नाव पक्कं झालं त्याच वर्षी हा मासा अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत नोंदला गेला. बारसं आणि शेवटचा इशारा एकाच वेळी.

यात खुद्रीचा दोष नाही, आणि वळवणच्या लोकांचाही हेतू वाईट नव्हता. धरणं, उपसली जाणारी वाळू, सुरुंग, आटलेलं पाणी हे सगळं आधीपासून चाललंच होतं. पण अनुवादक म्हणून मला या गोष्टीत माझ्या धंद्याचं पाप दिसतं. एक शब्द पुरेसा जवळचा वाटला, म्हणून त्याच्याजागी दुसरा बसवला. वाचणाऱ्याला फरक कळला नाही. मग मूळ हळूहळू छपाईतून गेलं. मी हे वाक्यांच्या बाबतीत केलेलं आहे. एका बोलीतल्या ओळीला दुसऱ्या बोलीतली ओळ 'चालेल' म्हणून मी लावली आहे, आणि परीक्षणात त्या ओघवत्या अनुवादाचं कौतुकही झालं आहे. साहेबाने महासीरला साल्मन म्हटलं तेव्हा महासीरचं काही बिघडलं नाही, कारण साल्मन काही नदीत आला नाही. आपण एका महासीरला दुसरा महासीर म्हटलं, तेव्हा बिघडलं. दूरच्या उपमेपेक्षा जवळचा पर्याय घातक असतो, हे मला कुठल्याही साहित्यसिद्धान्ताने इतकं स्पष्ट शिकवलं नव्हतं.

वन्यजीव कायद्याच्या अर्थावरून अभयारण्यातला गळ बंद झाला आणि २०१२ नंतर गालिबोरेच्या वह्याही थांबल्या. नाचणीचे गोळे वळणाऱ्यांचं काम गेलं. मासा दुखावू नये म्हणून घेतलेला तो निर्णय होता. पण नदीवर रोज नजर ठेवणारी माणसंही त्याच दिवशी घरी गेली, यावर अभ्यासक आणि वनखातं यांचं अजून एकमत नाही. मी गळ टाकत नाही आणि टाकणारही नाही. तरी एवढं मान्य करते की हा मासा चालला आहे, हे देवळाच्या डोहाने सांगितलं नाही आणि कायद्यानेही सांगितलं नाही. ते परक्या छंदिष्टांच्या वहीने सांगितलं.

गेल्या दिवाळीत पुण्याला गेले, तेव्हा एका सकाळी मांजरीच्या बाजूला नदीवर जाऊन उभी राहिले. साइक्सचे आठ मैल साधारण इथेच कुठेतरी पडतात. पुलाखालून सगळ्या शहराचं सांडपाणी वाहत होतं, वर जलपर्णीचा हिरवा थर. आज इथे खडशी मिळेल असं कुणाच्या मनातही येत नाही. इथून उचललेलं नाव मात्र शास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे, आणि इथला मासा राज्याची सीमा ओलांडून दुसऱ्याच्या घरात सुखाने नांदतो आहे. घरी येऊन आत्याला फोन केला आणि वाळणकोंडला मासे अजून आहेत का, ते विचारलं.

"आहेत तर," ती म्हणाली. "तू ये, चुरमुरे मी आणून ठेवते."